श्वास 20, तब्येत ठीक

ये सिस्टर, बस. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग उरकून, नवे पांढरे बूट घालून तू आमच्या वॉर्डात रुजू झालीस, आनंद आहे. खिशात तीन पेनं आणि डोक्यात संशोधन घेऊन आलेली दिसतेस. पेनं दोन दिवसांत राऊंडला येणारे डॉक्टर नेतील. संशोधनाचा बंदोबस्त मात्र तुझा तुलाच करावा लागेल, म्हणून 26 वर्षांच्या नोकरीतून हे चार शब्द.

आधी एक वाक्य पाठ कर: "आमच्याकडे असंच करतात." अमुक का करता, असं कोणी विचारलं की हे म्हणायचं आणि ट्रॉली ढकलत पुढे जायचं. आर्ची कोक्रेन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी 1972 मध्ये अख्खं पुस्तक लिहून विचारलं, की आपण देतो त्या उपचारांचा उपयोग होतो हे नीट तपासलंय कोणी? बिचाऱ्यांची आमच्या मेट्रनबाईंशी गाठ पडली नव्हती. पहिल्याच पानावर उत्तर मिळालं असतं.

आता कामाचं. रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात सोडायची नळी घातली, ती पोटात गेली की फुफ्फुसात, हे कसं ओळखशील? सिरिंजने हवा मारायची, पोटावर स्टेथो लावायचा, गुडगुड ऐकू आली की फीड सुरू. या गुडगुडीवर विसंबू नका, ट्यूबमधून ओढलेल्या द्रवाचा पीएच, म्हणजे आम्लपणा बघा, 5.5 किंवा त्याखाली आला तर पुढे जा, असं इंग्लंडात 2005 पासून सांगतायत. सांगू देत. मी एकदा इंडेंटमध्ये, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रात, पीएच पेपर लिहिला होता. स्टोअरवाल्याने फोन करून विचारलं, "सिस्टर, हा कागद ए-फोर साइजमध्ये चालेल का?"

पार्ट प्रेपरेशनचंही तेच. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ब्लेड घ्यायचं आणि पेशंट कसा गुळगुळीत करून ठेवायचा. ब्लेडने कातडीला बारीक जखमा होतात, जंतूंना आयती जागा मिळते, तेव्हा केस काढायचेच असतील तर क्लिपरने काढा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये लिहून ठेवलंय. पण क्लिपर म्हणजे सलूनवाल्याचं काम. आपण नोंदणीकृत परिचारिका.

एनबीएमचा, म्हणजे ऑपरेशनआधी उपाशी ठेवण्याचा, मात्र धडा नीट गिरव, कारण यात आपण दर्दी आहोत. रात्री 10 नंतर तोंडाला पाण्याचा थेंब लावायचा नाही. ऑपरेशन सकाळी 9 ला असो की दुपारी 3 ला, पाटी एकच. सटाण्याकडचे एक डाळिंबवाले आजोबा होते, हर्नियाचे. यादीत नंबर पाचवा. दुपारी दोन वाजता ओठ चिकटलेले, जीभ टाळ्याला लागलेली, आणि शेजारच्या कॉटवर त्यांच्या डोळ्यांदेखत कोणीतरी मिसळीच्या रश्श्यात पाव बुडवतोय. मला खुणेने जवळ बोलावलं. म्हणाले, "बाई, बहार धरायला आम्ही झाडाला पाण्याचा ताण देतो. मला कसला बहार आणताय?"

मी काय बोलणार? साधं पाणी, दूध न घातलेला चहा, असले पातळ पदार्थ ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतात, ही भूलतज्ज्ञांची सूचना अमेरिकेत 1999 मध्ये निघाली. म्हणजे सकाळी त्या म्हाताऱ्याला सुखाने अर्धा ग्लास पाणी देता आलं असतं. पण यादीतला नंबर कधी वर सरकेल सांगता येत नाही, सर्जन ओरडले तर ऐकायचं आपण, आणि पेशंट तहानेने मेल्याची नोंद आजवर आमच्या रजिस्टरात नाही. मी ओला बोळा ओठांवर फिरवला. त्यांनी तो चोखला. मी दुसरीकडे पाहिलं. हेही शिकून घे: दुसरीकडे कधी पाहायचं.

12 मे ला नर्सेस डे. त्या दिवशी नाइटिंगेलबाईंच्या फोटोला हार, मेणबत्त्या, शपथ, केक आणि मान्यवरांचं "सेवा हाच धर्म". फोटोत दिवा असतो, त्यामुळे बाईंनी आयुष्यभर दिवाच धरला अशी समजूत होते. ती तशीच राहू दे. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले, हे बाईंनी आकडे जुळवून, रंगीत पाकळ्यांच्या आकृत्या काढून मोठमोठ्या साहेबांच्या गळी उतरवलं. 1858 मध्ये त्या लंडनच्या संख्याशास्त्र सोसायटीच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. अशी बाई आज वॉर्डात आली तर पहिली टीपीआरची, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदींची, फाइल मागेल. त्यापेक्षा दिवा बरा.

तू म्हणशील, मग आपण संशोधन करतच नाही का? करतो की! राज्यभरातल्या नर्सिंग कॉलेजांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आपल्याच नाशकात आहे, दिंडोरी रोडला, म्हसरूळला. संशोधनाच्या इतक्या जवळ राहणारे लोक महाराष्ट्रात दुसरे नाहीत. माझी भाची एमएस्सीला होती. विषय: हात धुण्याविषयी परिचारिकांच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाचा परिणाम. आधी प्रश्नावली, मग तक्ते दाखवून व्याख्यान, मग तीच प्रश्नावली. ज्ञान वाढलं. ज्या प्रश्नांची उत्तरं मधल्या तासात फळ्यावर लिहून दिली, त्यांची उत्तरं आली. शास्त्राने आणखी काय करायचं? प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांत बांधला. तो तिच्या कॉलेजच्या काचेच्या कपाटात आहे. किल्ली क्लार्ककडे. क्लार्क रजेवर.

प्रबंधातल्या त्या 60 परिचारिकांनी नंतर हात धुतले का, हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता. बेसिनवर हात धुण्याच्या पाच क्षणांचं पोस्टर आहे, लॅमिनेट केलेलं. साबण संपलाय, पण पोस्टर टिकाऊ आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टीपीआर चार्ट. ताप थर्मामीटर सांगतं, नाडी मशीन सांगतं. श्वास सांगायला कोणी नाही, तो छातीकडे बघत मिनिटभर मोजावा लागतो. तू मोजू नकोस. लिही 20. आपल्या वॉर्डात सगळे 20 श्वास घेतात. न्यूमोनियावाला, प्लास्टरवाला, कण्हणारा, घोरणारा, सगळे 20. हा आकडा आपल्या पूर्वसूरींनी विचार करून काढलाय. ब्रिटिश डॉक्टरांनी रुग्ण बिघडतोय हे आधी कळावं म्हणून 2012 मध्ये गुणांची पद्धत आणली. तिच्यात मिनिटाला 12 ते 20 श्वासांना शून्य गुण, म्हणजे निवांत. 21 झाले की 2 गुण, 25 किंवा जास्त झाले की 3 गुण आणि धावाधाव. आपला 20 बरोबर कुंपणाच्या आत उभा आहे बघ.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंगांनी अक्षरओळख नसलेल्या दायांना मणी सरकवून बाळांचे श्वास मोजायला शिकवलं. गावच्या बायका घरी जाऊन नवजात बाळं सांभाळू लागल्या, तिथला नवजात मृत्यूदर निम्म्याहून खाली आला, 1999 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. पण त्या दायांना मोजता येत नव्हतं म्हणून त्या मोजत होत्या. आपल्याला येतं.

आणि आता हळू आवाजात एक गणित, इथल्या इथे विसर. नाइटला तू एकटी, पेशंट 38. प्रत्येकाचा श्वास एक मिनिट, म्हणजे 38 मिनिटं. प्रत्येकाच्या आधी आणि नंतर हँडरब, नियमाप्रमाणे निदान 20 सेकंद, म्हणजे आणखी 25 मिनिटं. तासाच्या वर गेलं, अजून एकही इंजेक्शन दिलेलं नाही, एकही सलाईन बदललेली नाही, आणि दारात नवीन ॲडमिशन स्ट्रेचरवर. लिंडा एकेन नावाच्या अमेरिकन परिचारिका-संशोधकाने पेनसिल्व्हेनियातली 168 हॉस्पिटलं तपासून 2002 मध्ये निष्कर्ष छापले. एका नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेला रुग्ण 30 दिवसांत दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा पुरावा साहेबांच्या मीटिंगमध्ये काढायचा नाही. तिथे पुराव्यावर आधारित सेवेचा स्लाइड-शो चालू असतो, त्यात व्यत्यय येतो.

एवढं सगळं मला माहीत असून माझ्या हातून एकदा चूक झाली. सांगते, तू करू नकोस. जानेवारीची रात्र, निफाडकडे पारा पार खाली गेलेला. पहाटे चारला 11 नंबरच्या आजींचं पांघरूण सारखं केलं आणि का कोण जाणे, घड्याळ धरून बसले. 28. परत मोजले, 28. ताप नाही, बीपी बरं. आजी म्हणाल्या, "काही नाही गं माय, गारठा आहे." मी झोपलेल्या डॉक्टरांना उठवलं. ते चिडले, आले, छातीला स्टेथो लावला आणि चिडायचे थांबले. उजाडायच्या आत आजी आयसीयूत.

सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवताना, इनचार्ज सिस्टरांनी चार्ट उघडला.

"हे 28 कुठून आणलं?"

"मोजले."

"अगं, 38 ओळींत एकटा 28 आणि बाकी झाडून सगळे 20. कसं दिसतं ते? तपासणीला कोणी आलं तर म्हणेल, बाकीच्यांचे मोजलेच नाहीत."

त्यांनी चष्मा चढवला, माझंच पेन घेतलं, आणि मधूनमधून काही 20 चे 18 केले, दोन-तीन ठिकाणी 19. मग चार्ट जरा लांब धरून पाहिला.

"आता कसा जिवंत वाटतो," म्हणाल्या, आणि पेन स्वतःच्या खिशात ठेवलं.