छोट्या हत्तीत मावणारी होडी

समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर राहणाऱ्या माणसाने होडी बांधू नये, असा कुठे नियम नाही. मी सोसायटीची नियमावली वाचली. गच्चीत गाद्या वाळत घालायला बंदी आहे, होडीबद्दल अवाक्षर नाही.

लोकांची प्रतिक्रिया मात्र ठरलेली. गोदावरीचा पूर नाशिककर मीटरमध्ये मोजत नाही. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर मोजतो. त्यामुळे मी होडी बांधतोय कळल्यावर खालच्या किराणावाल्याने आवाज खाली आणून विचारलं, "यंदा गळ्यापर्यंत येणार म्हणता?"

मला हवी होती कॅटमरान. दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी आणि त्यांना जोडणारे आडवे वासे. शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. बांधलेलं सोडताही येतं, एवढ्या भांडवलावर मी सुट्या भागांची होडी आखायला बसलो. आधी दिंडोरीला मेव्हण्याच्या शेततळ्यात, मग गंगापूर धरण, दिवाळीत अलिबाग. हे सगळं अर्थातच कागदावर.

लांबी किती असावी यावर मी महिनाभर वाचत होतो. अखेर ती टेम्पोवाल्याने ठरवली. "छोट्या हत्तीचा हौदा सात फूट. बाहेर आलं की लाल फडकं." झालं. १४ फुटी होडी, मधोमध दोन तुकडे. दोन्ही होड्यांचे मिळून चार. लांबीच्या निम्मी रुंदी कॅटमरानला शोभते, म्हणजे वासेही सात फुटीच. नौकेचं डिझाइन टेम्पोच्या फाळक्यापासून सुरू करणारा मी एकटाच असेन.

उरला जिना. फ्रिजचे पुठ्ठे चिकटवून सात फुटी खोकं केलं आणि चौघांनी ते खांद्यावरून वळणावर आणलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं, डोक्यावर पदर घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

प्लाय ७१० नंबरचा मरीन आणला. त्याचा नमुना ७२ तास उकळून तपासतात म्हणे. आमच्याकडे कडवे वालसुद्धा इतके शिजवत नाहीत. खरी गोम सांध्यात होती. माणसं बसतात होडीच्या मध्यावर आणि पाणी उचलतं तिला सगळ्या लांबीने, त्यामुळे मधला सांधा तळाकडून फाकायला बघतो. म्हणजे दणकट बोल्ट तळाशीच हवेत. म्हणजे पाण्याखाली. जिने पाणी आत घ्यायचं नाही एवढंच काम करायचं, तिला मी आपल्या हाताने पाण्याखाली भोकं पाडायची!

पद्धत अशी: होडी अख्खी बांधायची, मध्यावर चार मिलिमीटर अंतर ठेवून प्लायचे दोन पडदे उभे करायचे, दोघांतून एकदमच ड्रिल मारायचं आणि शेवटी त्या फटीतून करवत घालून होडीचे दोन तुकडे करायचे. मिस्तरींनी शेवटचं वाक्य तीनदा म्हणायला लावलं.

"कापायचीच होती तर जोडली कशाला, भाऊ?"

"दोन्ही तोंडं तंतोतंत जुळावीत म्हणून."

"जुळलेलीच आहेत की!"

त्यांनी करवत माझ्या हातात दिली आणि चहाला निघून गेले. दोन महिने घासून-पुसून गुळगुळीत केलेल्या होडीवर पहिला घाव घालताना माझे हात कापत होते. भुसा पडत होता आणि मागे बायको फोनवर माहेरी सांगत होती, "हो, झाली पूर्ण. आता कापतायत."

बोल्टांबद्दल अंबडच्या वर्कशॉपमधल्या पोराने बजावलं होतं, "काका, ग्रीस लावा. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा पिळला की जाम होतो. मग ग्राइंडरच." वासे मात्र दोरीने बांधायचे ठरवले. जेम्स व्हॅरम या इंग्रजाच्या कॅटमरानांचे वासे तसेच बांधतात. दोरी थोडी लवते, म्हणून सांधा तडकत नाही. याच गृहस्थाने १९५०च्या दशकात स्वतः बांधलेल्या कॅटमरानमधून दोन तरुणींसह अटलांटिक ओलांडला होता. मी घरी दोरीचं तेवढं सांगितलं.

गळती तपासायला होडी पाण्यात सोडावी लागत नाही, पाणी होडीत सोडलं तरी चालतं. बोल्टांच्या भोकांना बुचं मारून गच्चीत चारही तुकडे बादल्यांनी भरले. थेंब बाहेर आला नाही. मात्र तुकड्यांवर खडूने घातलेले नंबर त्यात धुऊन गेले, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

ते दिंडोरीत आलं. भोकं हाताने पाडलेली, त्यामुळे प्रत्येक पुढच्या तुकड्याचा मागचा जोडीदार ठरलेला. आम्ही जमवली ती नेमकी छत्तीसच्या आकड्याची जोडी. चारातले तीन बोल्ट जात, चौथा दोन मिलिमीटर बाजूला रुसून उभा. माझ्या आराखड्यात जोडणीला २० मिनिटं होती, लागले सव्वादोन तास. टेम्पोवाला वेटिंग मोजत होता. मेव्हणा तळ्याच्या प्लास्टिक कागदाकडे बघत होता. "दाजी, बोल्टाचं टोक कागदाला लागलं तर होडी नाही, माझं तळं गळंल."

होडी तरंगली. खरंच तरंगली, आणि सरळ तर इतकी सुरेख गेली की वल्ह्याच्या आठ-दहा हातांत पलीकडचा काठ आला. कॅटमरानला वळायचा मोठा कंटाळा. मी उलटं वल्हवत परत आलो.

सोडताना एक नट जाम निघाला. ग्रीस कोणाला लावायचं राहिलं ते समजलं. एक होडी चौदा फुटीच राहिली, छोट्या हत्तीने तिला नकार दिला, म्हणून ती बांधावर ठेवून आलो.

आठवड्याने मेव्हण्याचा फोन. "दाजी, नट ग्राइंडरने उडवला. पुढचा तुकडा भोकं बुजवून गोठ्यात ठेवलाय. एक थेंब गळत नाही, म्हशी निवांत पाणी पितात."

मी काही बोललो नाही.

"मागचा वासरांना लावलाय," तो म्हणाला. "दुसरी होडी कधी आणताय?"