फोर बाय फोर आहे म्हणून पूर वाट देत नाही

गेल्या आठवड्यापासून आमच्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणे शेतकऱ्याने दोन लाखांत जुनी फोर बाय फोर गाडी घ्यावी आणि पावसाळा विसरावा. ती रपट्यावरच्या, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरच्या, पाण्यातून आरामात जाते, फक्त रेस सोडायची नाही. काळ्या मातीत कधी फसत नाही. फोर बाय फोर कायम लावून ठेवली की गाडी रस्ता धरते आणि ब्रेकही चांगला लागतो. खर्च काही नाही, आणि पंधरा वर्षांचा नियम दिल्लीचा असल्याने गावात कागद कोणी विचारत नाही.

माझा भाचा महागाव तालुक्यात राहतो. गावातली शाळेची पोरं ने-आण करायला तो जुनी फोर बाय फोर सुमो बघतोय. त्याने हाच मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, मंग आता रपट्याचं भेव नाही न?" माझ्या दारात असलीच गाडी बरीच वर्षं उभी आहे आणि ती मला मनापासून आवडते. पण पोरांनी भरलेली गाडी घेऊन तो नाल्यात उतरणार असेल, तर गप्प बसता येत नाही.

पाण्याचंच आधी घेऊ, कारण बाकीच्या थापांनी पैसे जातील, या थापेने माणसं जातील.

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो, एवढंच. तो जोर कामी यायला चाक जमिनीवर दाबलेलं असावं लागतं, आणि दाबतं ते गाडीचं वजन. पाणी हे वजनच उचलून घेतं. सुमोसारखी गाडी साधारण साडेचार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद असते. हिशोबाला सोपं म्हणून तिचा तळ सात चौरस मीटर धरा. पाणी तळाला टेकल्यावर त्यापुढे वाढणारं दर दहा सेंटिमीटर पाणी गाडीला सुमारे ७०० किलोने हलकं करतं. म्हणजे तळाच्या वर वीतभर पाणी आलं की पावणेदोन टनांच्या गाडीचं बरंचसं वजन पाण्याने पेललेलं असतं. दारांतून पाणी आत शिरून ती पुन्हा जड व्हायला वेळ लागतो, आणि वाहत्या नाल्यात तेवढा वेळ मिळत नाही. चारही चाकं फिरत असतात, पण धरायला खाली काही नसतं. वर प्रवाह आडवा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो.

हा माझा एकट्याचा हिशोब नाही. अमेरिकेची सरकारी हवामान संस्था, नॅशनल वेदर सर्व्हिस, लोकांना वर्षानुवर्षं हेच सांगते: जोराने वाहणारं १२ इंच पाणी बहुतेक कार वाहून नेतं, आणि दोन फूट पाणी एसयूव्ही आणि ट्रकसुद्धा. फोर बाय फोरवाल्यांना त्यात वेगळी सूट नाही, आणि तिकडच्या असल्या गाड्या आपल्या सुमोहून सहसा जडच असतात.

आणि अमेरिका कशाला? सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरून नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी वाहून गेली. भरल्या पुलावर बस घातली होती. त्यात माणसं गेली. भाच्याच्या गावापासून हे ठिकाण लांब नाही. एसटीचं वजन जिथे पुरलं नाही तिथे सुमो पुरेल, हे लिहिणाऱ्याला काहीच कसं वाटलं नाही?

शिवाय रपट्याला कठडे नसतात. गढूळ पाण्याखाली कडा कुठे संपते ते दिसत नाही, आणि मधला भराव वाहून गेला असेल तर तेही नाही.

"रेस सोडू नका" यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी पाडणारे प्लग नसतात, त्यामुळे पाणी उडालं म्हणून ते पेट्रोल गाडीसारखं बंद पडत नाही. पण पाणी एअर फिल्टरपर्यंत पोचलं की इंजिन ते आत ओढतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो, आणि गाडी आहे तिथेच मरते. भर नाल्यात. साचलेल्या, संथ, गुडघ्याच्या बऱ्याच खालच्या पाण्यातून मीही गाडी काढतो. त्यानंतर हाउसिंग (दोन चाकांमधला गिअरांचा डबा) आणि गिअरबॉक्सचं ऑइल बघायचं. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदलायचं. गरम हाउसिंग थंड पाण्यात गेलं की ब्रीदरमधून, म्हणजे त्याच्या हवेच्या भोकातून, पाणी ओढून घेतं.

चिखलाचं म्हणाल तर ज्याने भर पावसात आपली पांदण पाहिली आहे तो "कधीच फसत नाही" असं लिहिणार नाही. काळी माती पाण्याने फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. मग टायर नवा असो की घासलेला, गुळगुळीतच. त्यातून या गाड्यांची डिफरेंशियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारे गिअर) बहुधा साधी असतात: पुढचं एक आणि मागचं एक चाक नुसतं फिरत राहतं, उरलेली दोन ढिम्म. मुरमाच्या चढावर, ओल्या वावराच्या बांधावर फोर बाय फोर खरंच सोन्यासारखी चालते. पण जिथे साधी गाडी दारातच थांबली असती, तिथे ही आणखी दोनशे हात आत जाऊन फसते, आणि मग ट्रॅक्टरवाल्याचे पाय धरावे लागतात.

डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर कायम लावणं म्हणजे गाडी मारणं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. या जुन्या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. चिखलात चाक जरा घसरून हा फरक काढून टाकतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, मग सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे जोर वाटणाऱ्या डब्यावर, येतो आणि फोर बाय फोरचा लिव्हर अडकून बसतो. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात.

खर्चाबद्दल: साधं डिझेल इंजिन तालुक्याचा कोणताही मिस्त्री खोलतो, हे खरं. ट्रान्सफर केस आणि पुढच्या हबचं काम मात्र सगळ्यांना येत नाही.

कागद लागतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षं वाढवून घ्यायची, वर पर्यावरण कर. कारच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५ हजार झाली होती. आणि भाड्याने पोरं न्यायची तर खासगी नंबरप्लेट चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. हे भाच्याला फोनवर वेगळं सांगितलं.

गाडी घ्यायचीच असेल तर, त्याला म्हटलं, पैसे देण्याआधी खाली वाकून बघ, पुढच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, जागेवर आहे का. कित्येक जुन्या गाड्यांचा तो काढून टाकलेला असतो आणि आतला लिव्हर नुसता हलतो. मग ओल्या वावरात नेऊन फोर बाय फोर लाव आणि पुढची चाकं ओढतात का ते बाहेर उभं राहून पाहा.