फायरमन आग लावत नाही

शाळेत समासाचा विग्रह एकदा अंगवळणी पडला की मराठी माणूस जन्मभर शब्द सोलत बसतो. पानात पुरणपोळी पडली तरी आधी 'पुरण घालून केलेली पोळी, मध्यमपदलोपी' आणि मग तूप. मराठीत ही खोड कुणाला त्रास देत नाही. इंग्रजी जोडशब्दांवर ती चालवायला गेलं की मात्र रोज फजिती ठरलेली. मधलं पद इंग्रजीही गाळते; फक्त कुठलं गाळलं ते सांगायची तिच्यात पद्धत नाही.

मिल्कमन दूध आणतो, पोस्टमन पत्रं आणतो. याच चालीवर फायरमन काय आणील या विचाराने अंगावर काटा यावा, तर तो येतो आग विझवायला. बरं, तेवढं पाठ करून ठेवावं, तर वाफेच्या इंजिनावरचा फायरमन फावड्याने कोळसा घालून आग पेटती ठेवायचाच पगार घेई. शब्द एकच, आग विझली की एकाला शाबासकी, दुसऱ्याला मेमो. स्नोमन बर्फ विकत नाही, तो स्वतःच नखशिखांत बर्फाचा. हँगमन फासावर जात नाही, दुसऱ्याला चढवतो. दुकानात तेलांच्या फळीपुढे तर फारच जपून उभं राहावं. ऑलिव्ह ऑइल ऑलिव्हचं, हेअर ऑइल केसांसाठी. बेबी ऑइलचा विग्रह ऑलिव्ह ऑइलच्या चालीवर कृपा करून करू नये.

यावर बऱ्यापैकी चालणारी एक युक्ती आहे: आधी शेवटचा शब्द पकडायचा. हाउसबोट ही बोट, बोटहाउस हे घर. रेसहॉर्स हा घोडा, हॉर्सरेस ही शर्यत. आपल्या तत्पुरुषासारखंच, दुसरं पद प्रधान. पहिला शब्द त्याला कोणत्या नात्याने चिकटलाय, 'पासून' की 'साठी' की 'विरुद्ध', ते मात्र व्यवहारज्ञानाने ठरवावं लागतं. कफ सिरप खोकल्यावर घ्यायचं असतं, खोकल्यापासून काढलेलं नसतं.

ही युक्ती फसते ती रेडहेडपाशी. ते डोकं नव्हे, तांबड्या केसांचं अख्खं माणूस. पेपरबॅक ही पाठ नव्हे, पुस्तक. पिकपॉकेट हा खिसा नव्हे आणि स्केअरक्रो हा कावळा नव्हे. यातल्या रेडहेड-पेपरबॅक जातीला भाषाशास्त्राची इंग्रजी पुस्तकं चक्क 'बहुव्रीहि' म्हणतात. पाणिनीच्या व्याकरणातली ही नावं एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या पंडितांनी उचलली. द्वंद्व आणि तत्पुरुषही त्याच गाठोड्यातून गेले. म्हणजे नीलकंठ आणि लंबोदर यांच्या पंगतीला आता पेपरबॅक बसलाय. नावं तेवढी नेली, शिस्त इथेच विसरून गेले.

परदेशातल्या हॉटेलात हा विषय थेट पोटावर येतो. स्वीटमीट म्हणजे मिठाई. त्यात मांस नाही, कारण मीट या शब्दाचा जुना अर्थ नुसता 'अन्न' असा होता. उलट स्वीटब्रेडमध्ये ब्रेडचा कणही नाही. ती वासराची किंवा कोकराची थायमस ग्रंथी, नाहीतर स्वादुपिंड. शाकाहारी पाहुणा मीटला घाबरून ब्रेडकडे वळला की संकष्टी मोडलीच. नाताळातल्या पायमध्ये भरतात ते मिन्समीट आणखी बिलंदर. पूर्वी त्यात खरोखर मांस असे. आता मनुका, सफरचंद आणि मसाले असतात, पण परंपरेप्रमाणे केलं तर त्यात स्यूएट पडतं, म्हणजे जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. तेव्हा बरणीच्या पुढचं नाव सोडून मागची बारीक अक्षरं वाचावीत. एगप्लांट मात्र निर्धोक. अठराव्या शतकात इंग्रजांना पांढरी, अंड्याच्या घाटाची वांगी दिसली, त्यांच्यावरून ते नाव पडलं आणि मग भरताच्या जांभळ्या वांग्यालाही चिकटलं. पाइनॲपल हे आधी पाइन झाडाच्या खवलेदार बोंडाचं नाव होतं. अमेरिकेतलं फळ तसंच दिसलं म्हणून त्याला देऊन टाकलं. आपण पोर्तुगीजांकडून अननस घेतला, नावासकट, आणि विग्रहाच्या कटकटीतून सुटलो.

अर्थ लागला तरी उच्चार उरतोच. जोडशब्दात जोर बहुधा पहिल्या भागावर येतो, साध्या विशेषण-नामाच्या जोडीत दुसऱ्यावर. 'ग्रीन'वर जोर दिला तर ग्रीनहाउस म्हणजे रोपं वाढवायचं काचघर; 'हाउस'वर दिला तर कुणीतरी हिरवा रंग मारलेला बंगला. इंग्लिश टीचरमध्ये पहिला शब्द दाबला तर इंग्रजी शिकवणारा, मग तो साताऱ्याचा का असेना. दुसरा दाबला तर इंग्लंडचा माणूस, मग तो भूगोल का शिकवेना. मराठीत असा दाब देऊन अर्थ फिरत नाही, त्यामुळे आपण दोन्ही शब्द सारख्याच प्रेमाने म्हणतो आणि ऐकणारा इंग्रज गोंधळतो. ब्लॅकबर्ड हा एक ठरावीक पक्षी. आपला कावळा काळा पक्षी खरा, पण ब्लॅकबर्ड नव्हे. आणि ब्लॅकबर्डची मादी तपकिरी असूनही ब्लॅकबर्डच. एवढं पचवून नियम हाती लागला म्हणावं, तर ऑक्सफर्ड स्ट्रीटमध्ये जोर ऑक्सफर्डवर आणि ऑक्सफर्ड रोडमध्ये रोडवर. ॲपल केकमध्ये ॲपलवर, ॲपल पायमध्ये पायवर. कारण विचारत बसू नये. स्ट्रीट आणि केक यांना जोर देत नाहीत, एवढं घोकावं.

पण सगळ्यांत कपटी ते शब्द, ज्यांचा सांधाच झिजून गेलाय. कबर्ड हा मुळात कप मांडायचा बोर्ड, म्हणजे फळी. आता त्यात कपडे असतात आणि त्यातल्या 'प'चा उच्चार कुणी करत नाही. विंडो हा जुन्या नॉर्स भाषेतला 'वाऱ्याचा डोळा'. आपलं गवाक्ष म्हणजे 'गाईचा डोळा', तेव्हा इथे हसायला आपल्याला तोंड नाही. डेझीचं फूल हा 'दिवसाचा डोळा'. सकाळी उघडतो, संध्याकाळी मिटतो. लॉर्ड म्हणजे जुन्या इंग्रजीत 'पावाचा राखणदार' आणि लेडी म्हणजे 'पावाची कणीक मळणारी'. एक मळतेय, दुसरा नुसता राखतोय. घराघरातली ही वाटणी इतकी जुनी असेल असं वाटलं नव्हतं. हाउसवाइफ हा शब्द बोलून बोलून झिजला आणि त्याचा हसी झाला, तोही 'चवचाल बाई' या अर्थाने. मग सभ्य गृहिणीसाठी हाउस आणि वाइफ पुन्हा कोरे करकरीत जोडून घ्यावे लागले.

माझा लाडका नमुना हँकरचीफ. करचीफ हा जुन्या फ्रेंचमधून आलेला जोडशब्द: झाकणं अधिक डोकं, म्हणजे डोक्याचा रुमाल. तो हातात धरायला लागले तेव्हा पुढे हँड लागला. खिशात ठेवायला लागले तेव्हा पॉकेट लागला. पॉकेट-हँकरचीफचा पूर्ण विग्रह असा: खिशातलं, हातात धरायचं, डोकं झाकायचं वस्त्र. ज्या नाकासाठी हा सगळा खटाटोप, त्याचा उल्लेख कुठेच नाही.

ओळखीच्या चेहऱ्याचे तोतयेही पुष्कळ आहेत. ब्लॅकमेलमधला मेल टपालातला नव्हे. स्कॉटलंडच्या सरहद्दीवर लुटारूंना द्यायच्या खंडणीचा तो शब्द. नाइटमेअरमधली मेअर घोडी नव्हे. ती छातीवर बसून झोपलेल्याला गुदमरवणारी, आपल्याकडच्या हडळीच्या जवळची कुणीतरी.

लिहायचं म्हटलं की प्रश्न येतो जोडून, तोडून की मध्ये आडवी रेघ देऊन. शॉर्टर ऑक्सफर्ड कोशाने 2007च्या आवृत्तीत सुमारे 16,000 शब्दांतल्या रेघा काढून टाकल्या. आइस क्रीम तुटून दोन शब्द झाला, क्रायबेबी आणि बंबलबी जुळून एक. आदल्या दिवसापर्यंत जे शुद्ध होतं ते दुसऱ्या दिवशी जुनाट. सगळ्याच रेघा काढता येत नाहीत हेही खरं. मॅन-ईटिंग शार्क म्हटलं की माणूस खाणारा मासा. रेघ पुसली की शार्क खाणारा माणूस, म्हणजे मोरीचं कालवण ओरपणारा कुणीही मालवणी गृहस्थ.

अनेकवचनाला आत नाम शोधावं आणि 'स' तिथे लावावा: मदर्स-इन-लॉ, पासर्स-बाय. आत नामच नसेल तर शेपटीला: ग्रोन-अप्स, फरगेट-मी-नॉट्स. षष्ठी मात्र नेहमी शेवटी. दोन सासवा असल्या तर 'स' मध्ये, एका सासूचं घर असलं तर 'स' अखेरीस. सासू इंग्रजीतही सरळ चालत नाही.

आणि मग मंगूस. हा इंग्रजांनी आपल्याकडून नेला, मराठीतल्या मुंगूसवरून. त्यांना त्यात गूस दिसतो, म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी, आणि गूसचं अनेकवचन गीस असल्यामुळे दोन मुंगसं दिसली की चांगली शिकलेली माणसंही मंगीस म्हणू की मंगूसेस म्हणू करत अडखळतात. मंगूसेस म्हणावं. विग्रह करू नये. आत पक्षी नाही, नुसतं मुंगूस आहे.