स्टिकरवर २५, घोडबंदरवर १२

लिटरला २५ किलोमीटर! कुठल्या रस्त्यावर? ठाण्याच्या घोडबंदर रोडवर कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत संध्याकाळी साडेसातला कोणती पेट्रोल गाडी २५ देते, ते एकदा कोणीतरी दाखवून द्या. काचेवर चिकटवलेला तो आकडा पुढे करून ठाण्यातल्या घरांच्या गळ्यात सात-आठ वर्षांचे हप्ते बांधले जातात, आणि पहिली टाकी संपली की माणूस गाडीत बिघाड शोधत सर्व्हिस सेंटरला खेटे घालतो. बिघाड काहीही नसतो. गाडी तिच्या जागी बरोबर असते, आकडा चुकीच्या ठिकाणी वापरलेला असतो.

तो आकडा रस्त्यावरचा नाहीच. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात, चाकं जागच्या जागी फिरतात आणि साधारण वीस मिनिटांचा ठरलेला कार्यक्रम चालतो. शहरी भागात वेग जास्तीत जास्त ताशी ५०, पुढच्या भागात ९०. सरासरी वेग तिशीच्या वर. एसी बंद. एकच चालक, मागे कुणी नाही, डिकीत सामान नाही, चढ नाही, खड्डा नाही. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला हे माप ठीक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. राग याचा येतो, की शोरूममधला माणूस तोच आकडा तुमच्या महिन्याच्या खर्चाचा अंदाज म्हणून कॅल्क्युलेटरवर ठोकतो. तुम्ही कुठे राहता, ऑफिसला कुठे जाता, हे तो विचारतसुद्धा नाही.

आता खरा हिशेब करा. कासारवडवलीहून ऐरोली साधारण २० किलोमीटर. ऐन गर्दीत दीड तास सहज जातो, त्यातली निदान ४० मिनिटं गाडी नुसती उभी. एसी चालू ठेवून उभी असलेली छोटी पेट्रोल गाडी तासाला ०.८ ते १ लिटर पितेच. म्हणजे सहाशे मिली पेट्रोल एक इंचही पुढे न जाता संपलं. उरलेल्या चालत्या भागात तिने १८ चं ॲव्हरेज दिलं असं मानलं, तरी तिथे १.१ लिटर. एकूण १.७ लिटरमध्ये २० किलोमीटर, म्हणजे लिटरला १२ च्याही आत. तीच गाडी रात्री दहानंतर पाम बीच रोडवर न्या, २० च्या वर देईल. इंजिन तेच, चालवणाराही तोच. फरक फक्त उभं राहण्याच्या मिनिटांचा. घोडबंदरवर मेट्रोचं काम, जेएनपीटी बंदराकडून गुजरातला जाणारे कंटेनर आणि गायमुखचा घाट हे सगळं एकाच रस्त्यावर कोंबलेलं असताना ॲव्हरेज किलोमीटरवर नाही, घड्याळावर ठरतं.

डॅशबोर्डवरच्या आकड्यावरही विसंबू नका, तो बहुतेकदा थोडा जास्तच दाखवतो. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप कट झालं की थांबा. पंपावरचा मुलगा राउंड फिगर करायला वरून ओतायला लागला तर हात धरा, कारण तिथेच पुढचा हिशेब बिघडतो. ट्रिप मीटर शून्यावर आणा. निदान ३००-४०० किलोमीटर रोजच्याच रस्त्यावर चालवा, मग त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. बाकी सगळ्या गप्पा.

टर्बो पेट्रोलवाल्यांनी तर कहर केला आहे. एक लिटरचं इंजिन, म्हणून पेट्रोल कमी लागणार, असं छातीठोक सांगतात. मोकळ्या रस्त्यावर हलक्या पायाने चालवली तर लागतंही कमी. पण बंपर टू बंपर गर्दीत दर दहा सेकंदाला सव्वा टन वजन शून्यातून हलवायचं असतं, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो जागा होतो, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, आणि ॲव्हरेज ९-१० वर येऊन बसतं. माइल्ड हायब्रिडच्या, म्हणजे छोट्या बॅटरीची इंजिनाला नुसती जोड असलेल्या गाडीच्या, बिल्ल्यालाही भुलू नका. सिग्नलला इंजिन बंद होतं खरं, पण मे महिन्यात एसीचा गारवा ओसरला की तेच इंजिन पुन्हा सुरू होतं. शिवाय गाडी इंच-इंच सरकत असताना ते बंद पडतच नाही, आणि आपलं दुखणं नेमकं तेच आहे.

त्यात पेट्रोल आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिसळलं की एकूण सहा-सात टक्के ऊर्जा गेली, हे शाळेतलं गणित आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी जवळपास एवढीच घट मांडली होती. नव्या इंजिनांचं ट्यूनिंग ई-२० साठी केलेलं असतं, त्यांना फटका कमी. पण २०२३ च्या आधीची सेकंडहँड गाडी बघत असाल, तर ही घट हिशेबात धरा आणि रबरी पाइप, सील, फ्युएल पंप मेकॅनिककडून तपासून घ्या. ऊर्जा कमी झाली म्हणून लिटरचा दर कमी झाला का? नाही झाला. ग्राहकाने दोन्हीकडून का सोसायचं?

मग सगळे एका सुरात सांगतात, सीएनजी घ्या. ठीक आहे, सीएनजीचाही हिशेब मांडू, पण पूर्ण मांडू. महिन्याला १,००० किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये, सीएनजी ८० रुपये किलो धरा. पेट्रोलवर १२ चं ॲव्हरेज म्हणजे सुमारे ८,७०० रुपये. तीच गाडी सीएनजीवर त्याच गर्दीत किलोला १७ च्या आसपास देईल, म्हणजे ४,७०० रुपये. महिन्याला चार हजार वाचले. कंपनी फिटेड सीएनजीसाठी वरचे ९०-९५ हजार दोन वर्षांत वसूल. इथवर सगळं खरं. पण तुमचं रनिंग महिन्याला ४०० किलोमीटरच असेल, आई-बाबांना दवाखान्यात नेणं आणि रविवारी बाहेर पडणं एवढंच, तर वाचतात सोळाशे, आणि वसुलीला पाच वर्षं लागतात. हे दुसरं गणित शोरूममध्ये कुणीही मांडत नाही. कमी रनिंगवाल्यालाही सीएनजीच गळ्यात मारतात.

आणि रांग? ६० लिटरच्या टाकीत पूर्ण दाबाने आठ-नऊ किलो गॅस बसतो. पूर्ण दाब म्हणजे २०० बार. पंपावर सलग गर्दी असली की दाब उतरतो, १७०-१८० वरच मशीन थांबतं आणि तुमच्या पदरात सहा-सात किलो पडतात. भर दुपारी टाकी तापलेली असते, तेव्हा आणखी कमी. सात किलो म्हणजे जेमतेम १२० किलोमीटर. हजार किलोमीटरसाठी महिन्यातून आठ वेळा पंपावर, दर वेळी अर्धा-पाऊण तास रिक्षांच्या मागे. ते चार-सहा तास कोण देणार परत? पहाटे किंवा रात्री अकरानंतर भरा, दाबही मिळतो आणि रांगही नसते. पण दिवसभर राबलेल्या माणसाला गॅस भरायला मध्यरात्री बाहेर पडावं लागतं, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही का? नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली, तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबईतले बरेच पंप एका झटक्यात कोरडे पडले होते. म्हणून पेट्रोलच्या टाकीत कायम निदान पाव टाकी ठेवा. ती रिकामी ठेवली तर फ्युएल पंपही तापून खराब होतो.

डिकीचं काय? पाच माणसांचं घर गणपतीला गावी निघालं की बॅगा कुठे ठेवायच्या? दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवलेल्या गाड्या आता मिळतात, त्यात निदान दोन-तीन बॅगा मावतात. एकच मोठी टाकी असेल तर डिकी विसरा. स्टेपनी काढायची झाली तर कसरत वेगळीच. पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन कोकणातला घाट चढताना सीएनजीवर दम कमी पडतो. मग बटण दाबून पेट्रोलवर या, आणि घाट संपेपर्यंत त्याच्यावरच राहा. उगाच पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळू नका. सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावीच लागते. प्लेटवरची तारीख उलटली की पंपवाला गॅस भरत नाही, आणि बरोबरच करतो. बाहेरून किट बसवणार असाल तर आरसी बुकात आणि विम्यात दोन्हीकडे नोंद हवी. एकीकडे राहिली आणि गाडी पेटली, तर क्लेम अडतो. रोड टॅक्सची सवलतही आकसली. १० लाखांपर्यंतच्या सीएनजी गाडीला ७ टक्के होता, जुलै २०२५ पासून ८. पेट्रोलला ११ आहे, त्यामुळे फायदा अजून आहे, पण प्रदूषण कमी करा म्हणायचं आणि त्याच गाडीवर कर वाढवायचा हे कोणतं धोरण?

डिझेल? गर्दीतल्या छोट्या फेऱ्यांसाठी विषयच सोडा. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटं एका वेगात चालावी लागते. मानपाडा ते माजिवडा या टप्प्यात ती कधी चालणार? डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग सर्व्हिस सेंटर, मग बिल. रोज पुण्याला जाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

गर्दीत खरोखर पेट्रोल वाचवते ती स्ट्राँग हायब्रिड. उभी असताना आणि सरकताना बहुतेक वेळ इंजिन बंद असतं, बॅटरीवर काम चालतं, म्हणून या रस्त्यांवरही २० च्या आसपास मिळतं. आणि तिची किंमत? साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा चार लाख जास्त धरा. साधी ११ देते, ही २०. हजार किलोमीटरला सव्वाचार हजार वाचतात, वसुलीला जवळपास आठ वर्षं. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, पण या हायब्रिड ४ मीटरपेक्षा लांब आणि १२०० सीसीच्या वर, म्हणून त्यांना ४० टक्के. कोंडीत सगळ्यात कमी धूर सोडणारी पेट्रोल गाडी, आणि तिच्यावर सगळ्यात वरचा दर. इलेक्ट्रिकला ५ टक्के, शिवाय अटल सेतूवर एका खेपेचे २५० रुपये माफ. हजार किलोमीटरला चार्जिंगची गळती धरून साधारण १६० युनिट. युनिटला १५ रुपये धरले तरी २,४०० रुपये. उलवे-पनवेलहून रोज दक्षिण मुंबईत जाणाऱ्याला तर दुसरा पर्याय शोधायचीही गरज नाही.

पण प्लग कुठे आहे? सोसायटीची कमिटी लोड नाही म्हणते, आग लागेल म्हणते, पुढच्या एजीएममध्ये बघू म्हणते. स्टॅक पार्किंग, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवायची सोय, असेल तर चार्जिंग दूरच, उंच गाडी त्यात बसतसुद्धा नाही आणि पाटीवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. म्हणून बुकिंगच्या आधी टेप घेऊन पार्किंगची उंची-रुंदी मोजा, कमिटीकडून लेखी परवानगी घ्या आणि आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल किती मीटर लागेल ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. तोंडी ‘हो’ला काडीची किंमत नाही. घरी चार्जिंग नसेल आणि सगळं बाहेरच्या फास्ट चार्जरवर करायचं असेल, तर २,४०० चा हिशेब फाडून टाका.

इंधनाच्या नादात बाकीचा खर्च तर कुणी बघतच नाही. ताशी १५ च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिन साडेसहाशे तासांपेक्षा जास्त चाललं. हायवेवर ५० च्या सरासरीने तेच २०० तास. ऑइलला किलोमीटर कळत नाहीत, तास कळतात. घोडबंदरच्या गाडीचं ऑइल ७-८ हजारांवर बदला, वॉरंटीचं पुस्तक काही म्हणो. क्लच प्लेट इथे ५०-६० हजार किलोमीटरला जाते. एएमटीमध्ये, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या स्वस्त ऑटोमॅटिकमध्ये, क्लचच नसतो अशी थाप मारतात, असतो! आणि चढावर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की तो लवकर जळतो. १७ इंची चाकं दिसायला छान, पण टायर १४ इंचीच्या दुपटीने महाग, आणि बाजूची भिंत बुटकी असल्याने पावसाळ्यातल्या एका खड्ड्यात फुगा येतो. घरच्या गाडीला १४-१५ इंच पुरे.

शेवटी कोटेशन. ‘हँडलिंग चार्जेस’ नावाचं काही आरटीओच्या पावतीत नसतं, खोडायला लावा. टेफ्लॉन कोटिंग, ॲक्सेसरीजचं पॅकेज, खोडा. विमा त्यांच्याकडूनच घ्या ही सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) हप्ता ठरलेला आहे: १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १५०० पर्यंत १०,६४०, त्यावर २४,५९६, जीएसटी वेगळा. तो कुठेही तेवढाच. फरक ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात असतो, म्हणून तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने इंजिन बिघडलं तर भरपाई) धरून बाहेरून दोन कोटेशन आणा. पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट सोडू नका. आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता रिकाम्या सर्व्हिस रोडवर दिलेली टेस्ट ड्राइव्ह घेऊ नका. संध्याकाळी साडेसातची मागा, घरची पाचही माणसं बसवून, एसी लावून, ट्रिप मीटर शून्य करून. देत नसतील तर टोकनचे पैसेही देऊ नका.