‘मग आमचे बाबा खोटे होते का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया शुक्रवारी रात्री वाचली आणि उत्तराला आज बुधवार उजाडला. एक तर सोयाबीन निघत होतं, हार्वेस्टरवाल्याच्या मागेमागे फिरण्यात चार दिवस गेले. दुसरं म्हणजे त्या रात्री जे लिहिलं ते सगळं स्वतःची बाजू सावरणारं होतं. सकाळी वाचलं आणि पुसून टाकलं.

इतरांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ‘सीआयडी’ मालिकेतल्या काळीज हलवणाऱ्या प्रसंगांवर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. एसीपी प्रद्युम्न गुन्हेगारीत गेलेल्या आपल्या मुलाला, नकुलला, स्वतःच्या हाताने गोळी घालतो, तो प्रसंग त्यात होता. प्रसंग जबर आहे असं मी म्हटलं. पण पुढच्या भागात तोच बाप नव्या मुडद्यापाशी उभा राहून बोटं फिरवत ‘कुछ तो गडबड है’ म्हणतो, हे खोटं आहे, असंही लिहिलं. त्यावर ताईंची प्रतिक्रिया अशी:

‘माझे बाबा ३४ वर्षं पोलिसात होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. सकाळी जळालेल्या बाईचा पंचनामा करून दुपारी आमच्या शाळेच्या गॅदरिंगला येऊन बसायचे, टाळ्यासुद्धा वाजवायचे. मग आमचे बाबा खोटे होते का? नाटकातल्या मरणावर तुम्ही दोन पानं रडलात, खऱ्या पोलिसावर एक ओळ नाही. एक दिवाळी ते आमच्या वाट्याला आले नाहीत. विहिरीजवळ मात्र आम्हा भावंडांना कधी फिरकू दिलं नाही, तेवढाच त्यांचा धाक.’

नाटकातल्या मरणाचं आधी उरकून टाकतो, कारण तिथे तुमचं खरं आहे. एप्रिल २०२५ मध्ये वाहिनीने प्रद्युम्न गेल्याचं जाहीर केलं, लोकांनी श्रद्धांजल्या वाहिल्या, मीही हळवं होऊन लिहिलं. पुढे ती भूमिका करणारे शिवाजी साटम जिवंत परत आले. आमच्या पानठेल्यावर पोट्टे मला अजून विचारतात, ‘काय भाऊ, तेरवी रद्द केली का नाही?’ ते मी हसून घेतो.

पण त्याच मालिकेतल्या इन्स्पेक्टर फ्रेडरिक्सबद्दल लिहिलेली एक ओळही मी मागे घेणार नाही. ते काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये खरोखर गेले. २०१८ साली बंद पडलेली मालिका डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. सगळी मंडळी आली, एक माणूस आला नाही. वीस वर्षं ज्याने बायकोच्या धाकाचे विनोद करून हसवलं, त्याची रिकामी जागा पाहून आमच्या घरात कोणी काही बोललं नाही. त्या मरणाला परत येणं नव्हतं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो.

माझे बाबा गावचे पोलीस पाटील होते. हे मी आधीच्या लेखात लिहायला हवं होतं. बाबांचं नाव सांगून भाव खातो असं वाटेल म्हणून टाळलं, तो मूर्खपणा झाला. आमचं गाव दिग्रस तालुक्यातलं, कॅनलच्या काठाला. मी नववीत असताना पोळ्याच्या दिवशी गावातला एक मुलगा बैल धुवायला कॅनलवर गेला. एक बैल आधी धुऊन, त्याच्या शिंगांना हिंगूळ लावून झाला होता. दुसऱ्याला घेऊन पाण्यात उतरला. थोड्या वेळाने तो बैल एकटाच, ओला, कासरा ओढत घरी आला. बाबा त्या घरी सांगायला निघाले तेव्हा त्या माउलीचा आवाज त्यांना अर्ध्या गल्लीतच ऐकू आला. बैलाने आधीच सांगितलं होतं.

ठाण्यातून एक हवालदार आले, स्वतःच्या मोटारसायकलवर. पोळ्याचा बंदोबस्त सोडून आलेले. पंच मिळेनात. पंचनाम्यावर सही केली की उद्या कोर्टाची तारीख लागेल, ही भीती आमच्याकडे साप चावण्यापेक्षा मोठी. शेवटी बाबांनी किराणा दुकानदाराला आणि एका शिक्षकाला ओढून आणलं. हवालदार पिंपळाखाली उकिडवे बसले, मांडीवर पॅड, पॅडवर कार्बन. मर्गचा, म्हणजे अकस्मात मृत्यूचा पंचनामा म्हणजे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४. (१ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १९४ झालं. लिहिणाऱ्याच्या हाताला त्याने काय फरक पडतो!) ‘सीआयडी’वाल्यांनी २००४ साली १११ मिनिटांचा एक अख्खा भाग कॅमेरा न थांबवता चित्रित केला, त्याचं केवढं कौतुक झालं. त्या हवालदारांनाही जवळपास तेवढाच वेळ लागला असेल, आणि तेही एकदाही थांबले नाहीत. उंची, बांधा, अंगावरचे कपडे, करदोटा. मग मुलाच्या उजव्या हाताची बोटं लाल दिसली. ते थांबले नाहीत म्हटलं खरं, पण इथे हात थांबला. रक्त की काय? त्यांनी स्वतःचं बोट ओलं केलं, मुलाच्या बोटावर हलकेच घासलं, आपलं बोट उजेडाकडे धरून पाहिलं. ‘रंग आहे,’ म्हणाले, आणि लिहिलं: ‘उजव्या हाताच्या बोटांना लाल रंग (हिंगूळ) लागलेला, जखम नाही.’

मालिकेतल्या साळुंखे डॉक्टरांची काचेची प्रयोगशाळा मी शेकडो वेळा पाहिली. ते ओलं बोट काही डोळ्यांसमोरून जात नाही.

ट्रॅक्टर ग्रामीण रुग्णालयात पोहोचेपर्यंत दिवस बुडाला. रात्री पीएम (शवविच्छेदन) करायचं नाही, असाच तेव्हा रिवाज होता. (सोयी असलेल्या रुग्णालयांना केंद्राने २०२१ मध्ये परवानगी दिली.) म्हणजे रात्रभर मुडद्यावर ड्युटी. बाबाही त्यांच्यासोबत थांबले. बाबा सांगत, तो माणूस रात्रभर पिकाबद्दल बोलत होता. पऱ्हाटीवर (कपाशीवर) अळी किती आहे, तुमच्याकडे पाऊस कधी उघडला. मुलाबद्दल एक अक्षर नाही. सकाळी पीएम झालं, प्रेत घरच्यांच्या ताब्यात दिलं, आणि हे थेट तान्ह्या पोळ्याच्या बंदोबस्ताला गेले. तिथे लेकरं लाकडी नंदी मिरवत होती आणि हे त्यांच्या मधोमध उभे होते.

तेव्हा ताई, नाही. तुमचे बाबा खोटे नव्हते. मी ‘खोटं’ लिहिलं तेव्हा हे हवालदार माझ्या डोळ्यांसमोर असायला हवे होते. दुसऱ्या दिवशी कामावर उभं राहणं हा त्या नोकरीचा भागच आहे, आणि प्रद्युम्न नेमकं तेच करतो. लेखातला तो शब्द मी काढलाय.

पण माझी मूळ तक्रार पूर्ण सोडायला मी तयार नाही, आणि त्याला कारणीभूत तुमचीच शेवटची ओळ आहे.

गावात केबल आली तेव्हा बारा-बारा तास लोडशेडिंग असे. एका कास्तकाराकडे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही चाले आणि अर्धं गाव ओट्यावर जमे. नकुलचा प्रसंग मी असाच पुनर्प्रक्षेपणात पाहिला. गोळी सुटली, सगळे गप्प. आणि माझी आजी म्हणाली, ‘याच्या घरी कोनं सांगतलं असन?’ पोलीस पाटलाची आई ती. तिला माहीत होतं की प्रत्येक मुडद्याचं एक घर असतं आणि त्या घरापर्यंत कोणाला तरी चालत जावं लागतं. दीड हजारांवर भाग झाले, दयाने दारं किती तोडली त्याचा हिशेब नाही. पण प्रद्युम्न त्या रात्री कोणत्या दारातून आत गेला, जेवला का, दिवा लावला का, यात मालिकेला रस नव्हता. नव्या भागाला नवा मुडदा लागतो आणि जुना पुसावा लागतो.

तुमच्या बाबांनी पुसला नव्हता. गॅदरिंगला टाळ्या वाजवणाऱ्या माणसाने तुम्हाला विहिरीजवळ का फिरकू दिलं नाही? तुम्ही त्याला धाक म्हणता. ३४ वर्षांत त्यांनी विहिरीतून किती लेकरं वर काढली असतील, हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नसणार. मालिकेचा साहेब विसरला म्हणून दुसऱ्या दिवशी ताठ उभा होता. तुमचे बाबा न विसरता उभे राहिले. मी या दोघांना एका ओळीत बसवलं, चूक ती झाली.

खऱ्या पोलिसावर एक ओळ नाही, हा आरोपही मान्य. आज लिहिल्या त्या ओळी उशिरा आलेल्या आहेत. एकच गोष्ट सांगायची राहिली.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या बंदोबस्ताला तेच हवालदार आले. तोरणाखाली बैल उभे राहिले, झडत्या झाल्या, पोळा फुटला. बाबांनी त्यांना पुरणपोळी खायला घरी बोलावलं. ते पाटावर बसले. आईने ताट समोर ठेवलं, तरी त्यांनी हात लावला नाही. ‘पाटील,’ म्हणाले, ‘कॅनलवर सकाळी कोनी बसवलं होतं काय?’ बाबा म्हणाले, ‘दोन पोहणारे पोट्टे होते. शेवटचा बैल निघेपर्यंत.’

मग ते जेवले.