बेडकाचे हृदय अपूर्ण आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक आभार. आपण फोंड्यात जीवशास्त्र शिकविता, म्हणून उत्तरही तपशिलात देत आहे. बेडकाचे तीन कप्प्यांचे हृदय त्याच्या जगण्याला पुरेपूर साजेसे आहे, या माझ्या विधानावर आपला आक्षेप आहे. एकाच जवनिकेत (रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्यात) शुद्ध व अशुद्ध रक्त मिसळते, म्हणून ते हृदय अपूर्णच, आणि माशापासून माणसापर्यंत दोन, तीन, चार कप्पे ही प्रगतीची चढती पायरी आहे, असे आपण म्हणता.

रक्त मिसळते हे खरे, पण सरसकट नाही. बेडकाच्या जवनिकेच्या आतल्या बाजूस स्नायूंचे खोल कंगोरे असतात आणि तिच्यातून निघणाऱ्या धमनीकांडात (धमन्यांच्या मुळाशी असलेल्या नळीत) पिळदार पडदा असतो. त्यांच्यामुळे दोन्ही कर्णिकांतून (रक्त आत घेणाऱ्या वरच्या कप्प्यांतून) आलेले प्रवाह बऱ्याच अंशी वेगळे राहतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्वचेची आहे. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीचीच एक शाखा बेडकाच्या त्वचेला जाते, आणि तेथे प्राणवायू घेतलेले रक्त फुफ्फुसांतल्या रक्ताप्रमाणे डाव्या नव्हे, तर उजव्या कर्णिकेत परतते. पावसाळ्यात भरलेल्या शेतात बेडूक पाण्याखाली दडून बसतो, तेव्हा फुफ्फुसांना ताजी हवा मिळत नाही आणि प्राणवायू येतो तो त्वचेतून, म्हणजे उजवीकडून. जवनिकेत पूर्ण पडदा असता, तर उजवी बाजू केवळ फुफ्फुसांनाच जोडलेली राहिली असती आणि हे सारे रक्त शरीराला मिळण्याआधी त्या निरुपयोगी फुफ्फुसांतून फिरवून आणावे लागले असते.

पायरीची कल्पना तर आपल्या गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या कालव्यातील मगरीपाशीच अडते. मगरीला चार पूर्ण कप्पे आहेत, तरीही तिची डावी महाधमनी (शरीराकडे रक्त नेणाऱ्या दोन मुख्य धमन्यांपैकी एक) उजव्या जवनिकेतून निघते आणि दोन्ही महाधमन्यांना जोडणारे एक छिद्र असते, ज्याचे वर्णन इटलीच्या बार्तोलोमेओ पानिझ्झा यांनी 1833 मध्ये केले. फुफ्फुस-धमनीच्या मुखाशी असलेली दातेरी झडप आवळली, की उजवीकडचे रक्त फुफ्फुस टाळून शरीराकडे वळते. हे वळण बुडी मारण्यासाठी की पचनासाठी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र पडदा पूर्ण होऊनही मगरीने ही वाट राखली आहे, याबद्दल दुमत नाही. शिवाय पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्यात चार कप्पे स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले.

मग माणसाला पूर्ण पडदा का लागतो, हा आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्राणवायूइतकेच दाबातही आहे. विश्रांतीच्या वेळी माणसाच्या दोन्ही जवनिका मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलतात. पण डावीचा दाब पाऱ्याच्या सुमारे 120 मिलिमीटरपर्यंत चढतो, तर उजवीचा जेमतेम 25 पर्यंत. डावीकडचा दाब फुफ्फुसातल्या अतितलम केशवाहिन्यांवर आला, तर रक्तातील द्रव वायुकोशांत झिरपेल. उष्ण रक्ताच्या प्राण्याला शरीराकडे जोरकस दाब हवाच, म्हणून ही फारकत अपरिहार्य ठरते. तिची किंमत अशी, की फुफ्फुस टाळण्याची सोय उरत नाही. ती सोय आपल्याला फक्त गर्भात असते: दोन्ही कर्णिकांमधले छिद्र आणि फुफ्फुस-धमनीला महाधमनीशी जोडणारी नलिका यांतून गर्भाचे बहुतेक रक्त फुफ्फुसांना वळसा घालून जाते, आणि पहिल्या श्वासानंतर डाव्या कर्णिकेतला दाब वाढला, की त्या छिद्रावरची झडप मिटते.