दिवाळीआधी घर रंगवून घेऊ नका, हे एका रंगकाम ठेकेदाराचे सांगणे

सांगलीत रंगकामाचा हंगाम गणपती गेले की सुरू होतो आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, बहुतेक घरांत शेवटच्या खोलीचा दुसरा हात अजून ओला असतानाच, संपतो. या काळात येणाऱ्या प्रत्येक फोनवर अट एकच असते: काहीही करा, पण वसुबारसेच्या आत घर मोकळे करून द्या. माझ्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा याच काही आठवड्यांत येतो, त्यामुळे पुढचे वाचून धंद्यातले मित्र मला वेड्यात काढतील. तरीही माझे मत असे आहे की आपल्या सांगली-मिरजेच्या हवेत दिवाळीच्या तोंडावर केलेले रंगकाम भिंतीला मानवत नाही, गिऱ्हाइकाला परवडत नाही आणि आम्हा रंगाऱ्यांचा धंदाही त्याने नीट उभा राहत नाही. घर रंगवायचे तर जानेवारी ते मार्च या महिन्यांत रंगवावे.

पहिला प्रश्न ओलीचा आहे. आपल्याकडे परतीचा पाऊस सप्टेंबरमध्ये जोर धरतो आणि ऑक्टोबरमध्येही पिच्छा सोडत नाही. नऊ इंची विटांची भिंत पावसाळाभर पाणी पीत राहते आणि वरून कोरडी दिसू लागली तरी आतून सुकायला तिला बराच अवधी लागतो. अशा भिंतीवर पुट्टी, प्रायमर आणि इमल्शनचे थर चढवले की आतल्या ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद होते, आणि मग ती ओल रंगालाच ढकलून बाहेर येते. याची खात्री करायला यंत्र लागत नाही. जाड प्लॅस्टिकचा हातभर लांबीचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून एक-दोन दिवस तसाच ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले, तर त्या भिंतीला अजून हात लावायचा नसतो. ऑक्टोबरमध्ये मी हा तुकडा लावायला सुचवला की गिऱ्हाइकाला वाटते, मी काम टाळतो आहे.

नदीकाठच्या भागांत हे प्रकरण अधिक गंभीर होते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती, तेथील धोका पातळी 45 फूट आहे. पूर ओसरला आणि 27 ऑक्टोबरला दिवाळी आली. त्या मधल्या काळात गावभागातल्या एका जुन्या घराचा तळमजला पाहायला मी गेलो होतो. भिंतीवर कमरेच्या वर, अगदी दोरी धरून मारावी तशी, पाण्याची रेघ होती आणि तिच्या खाली लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार, फुललेला होता. पांढरी, भुसभुशीत बुरशी वाटावी असा तो थर बोटाने पुसला की निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच हजर व्हायचा. खरवडायची लोखंडी पट्टी लावली, तर जुन्या पुट्टीचे पोपडे भाजलेल्या पापडासारखे तुटून हातात आले आणि खालचा गिलावा ओलसर, काळपट निघाला. घरातल्या काकू म्हणाल्या, ‘‘लेकीची पहिली दिवाळी आहे, जावई यायचेत. निदान पुढची खोली तरी करून द्या.’’ त्यांना नाही म्हणणे जड गेले. मी त्यांना फक्त चुन्याचा हात देऊ केला, कारण चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो आणि आतली ओल बाहेर पडत राहते. त्यांनी ते मानले आणि रंगाचे काम पुढच्या उन्हाळ्यावर गेले. त्याच गल्लीत ज्या घरांत घाईने पुट्टी ओढून चकचकीत रंग मारला गेला, तिथे होळीपर्यंत तळाचे दोन-अडीच फूट पुन्हा उघडे पडले होते. जुलै 2021 च्या पुरानंतरही हेच झाले. पुरात न बुडालेल्या वसाहतींतही जिथे बोअरच्या खाऱ्या पाण्यात गिलावा कालवला गेला आहे, तिथे लोणा येतोच, आणि कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात अशा बोअरची वाण नाही.

दुसरा प्रश्न घाईचा. पुट्टीचा एक थर नीट वाळल्याशिवाय दुसरा ओढायचा नसतो, तो घासल्यानंतर धूळ पूर्ण झाडायची असते, मग प्रायमर, आणि इमल्शनच्या दोन हातांमध्ये साधारण चार-सहा तास जाऊ द्यायचे असतात. दमट हवेत हा वेळ वाढतो. दिवाळीच्या गर्दीत नेमके हेच तास कापले जातात, कारण त्यांचा परिणाम बिल चुकते होईपर्यंत दिसत नाही. सर्वांत आधी प्रायमर गाळला जातो, त्यानंतर घासणी. चार घरे एकाच वेळी चालू असल्यामुळे हात बसलेले कारागीर अपुरे पडतात आणि काल हाती ब्रश धरलेला मुलगा छताला रोलर मारू लागतो.

यात एका गोष्टीकडे लोकांचे फारच कमी लक्ष जाते. जुन्या घरांच्या दारे-खिडक्यांवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे किती असेल, हे पाहून सांगता येत नाही. असा रंग कोरडा घासला की त्याची बारीक धूळ घरभर बसते, आणि दिवाळीच्या घाईत लहान मुले त्याच घरात वावरत असताना हे घासकाम सुरू असते. पाणी मारून, वॉटर पेपरने घासले तर धूळ उडत नाही. पण त्याला वेळ लागतो, आणि नंतर लाकूड सुकू द्यावे लागते.

जाता जाता टोकनविषयीही सांगतो. रंगाच्या डब्यांत आणि पुट्टीच्या पोत्यांत रंगाऱ्यासाठी टोकन किंवा स्कॅन करण्याचा कोड असतो आणि त्यावर त्याला कंपनीकडून पैसे किंवा बक्षीस मिळते, हे आता पुष्कळांना माहीत आहे. त्यात लपवण्यासारखे काही नाही. परंतु गडबडीत गिऱ्हाईक ‘‘माल तुम्हीच आणा’’ म्हणून मोकळे होते आणि मग भिंतीला काय हवे यापेक्षा टोकन कशावर आहे, हा विचार वरचढ ठरण्याची शक्यता वाढते. निवांत काळात गिऱ्हाईक स्वतः दुकानात येते, चार प्रश्न विचारते आणि आम्हालाही नीट उत्तरे द्यावी लागतात.

आता धंद्याविषयी. वर्षाचे काम काही आठवड्यांत कोंबले गेल्यामुळे सांगलीतल्या ठेकेदाराला कायमची माणसे ठेवता येत नाहीत. जतकडून आणि विजापूरकडून येणारे कारागीर हंगामात उचल घेऊन येतात आणि नंतर काम नाही म्हणून पुण्याचा रस्ता धरतात. तिथे बाराही महिने काम मिळाले की ते परत कशाला येतील? ज्याच्या हाताला सफाई आहे तो आधी जातो. हेच काम जानेवारीपासून पसरले, तर माझ्यासारख्याला पाच-सहा जणांना वर्षभर हजेरी देणे शक्य होईल आणि तुमच्या घरी दर वेळी ओळखीची माणसे येतील. त्यासाठी जानेवारी ते मार्चचा दर मी मुद्दाम कमी ठेवतो. एप्रिल-मेमध्ये बाहेरच्या भिंती मात्र भर दुपारी रंगवू नयेत, कारण तापलेल्या भिंतीवर रंग चढण्याआधीच सुकतो आणि ब्रशचे ओरखडे राहतात.

बोनस दिवाळीला मिळतो, मग पैसे तेव्हाच खर्च होणार, हा आक्षेप मला मान्य आहे. नोकरदार माणसाचे गणित तसेच असते. अशा घरांसाठी मी सध्या एवढेच सुचवतो की दिवाळीला दार, उंबरा, देवघर आणि कोरडी असलेली एखादी खोली करून घ्यावी, बाकीच्या कामाचे मोजमाप आणि दर तेव्हाच लेखी ठरवून घ्यावेत आणि काम फेब्रुवारीत सुरू करावे. रंग आधी घेऊन ठेवायचा असेल, तर सीलबंद डब्यावरची मुदत पाहून घ्यावा. पुट्टीची पोती मात्र काम सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यातच आणावीत, कारण दमट जागेत पडून राहिली की तिचे गोळे होतात आणि मग ती फेकूनच द्यावी लागते.